रावसाहेबांचा पाय

मोराच्या आवाजाबद्दल ज्यांनी गोडगोड लिहून ठेवलंय, त्यांच्या खिडकीखाली मोर राहत नसावा. आमच्या राहत होता. उजाडायच्या आत तो असा ओरडायचा, की कुणीतरी मांजराच्या शेपटीवर पाय देऊन वर निवांत गप्पा मारत उभं आहे असं वाटावं. कोलोनच्या बाहेर, बीटच्या शेतांच्या कडेला फ्राऊ क्लाइन नावाच्या विधवा बाईचं घर होतं. त्याच्या वरच्या मजल्यावर आम्ही तिघं राहायचो. दादा, म्हणजे माझे वडील, यंत्रांच्या कारखान्यात इंजिनिअर. आई दिवसभर घरात. आणि मी, विजया लेले, वय सतरा, तिथल्या शाळेच्या शेवटच्या वर्षाला. दोन वर्षांत जर्मन फाडफाड बोलायला लागले होते आणि त्यामुळे आपल्याला जगातलं सगळं कळतं अशी माझी पक्की समजूत झाली होती. आता सत्तरी उलटल्यावर त्या मुलीकडे बघते तेव्हा तिच्या दोन्ही वेण्या धरून तिला जरा हलवावंसं वाटतं.

फ्राऊ क्लाइनच्या नवऱ्याने हौसेने मोराची जोडी आणली होती. नवरा गेला, लांडोर कोल्ह्याने नेली, उरला हा एकटा. फ्राऊ क्लाइन त्याला फ्रिट्झ म्हणायची. आईला ते मुळीच पटलं नाही. सरस्वतीच्या चित्रात बसणारा पक्षी, त्याला फ्रिट्झ काय म्हणायचं. तिने त्याचं नाव ठेवलं रावसाहेब. चालही तशीच होती म्हणा, पिसारा मागे धोतराच्या सोग्यासारखा ओढत, मान पुढे काढून, आपण बोलावल्याशिवाय आलो आहोत याची जराही लाज नसल्यासारखी. आईला जर्मनचे चार शब्द यायचे, त्यातले दोन बाजारातले. दादा सकाळी जायचे, मी शाळेत जायचे, आणि दिवसभर ती मागच्या पायरीवर बसून शेंगदाण्यांची सालं पाखडत रावसाहेबांशी बोलायची. भिजवलेली हरभऱ्याची डाळ, जाडे पोहे, उरलेल्या भाकरीचे तुकडे. भाकरीही कसली, राईच्या पिठाची, थापताना तुटायची आणि खाताना तुटायची नाही. त्या गावात रविवारी दुपारी शांतता पाळायचा दंडक होता, रुहेत्साइट. आईने एकदा खलबत्त्यात दाणे कुटले तर शेजारचा म्हातारा कुंपणापर्यंत आला होता. रावसाहेबांना ती रुहेत्साइट लागू नव्हती. ते बरोबर दीड वाजता, गाव झोपलेलं असताना, कौलांवर उभं राहून गळा काढायचे. आई तेव्हा खिडकीत येऊन मिश्कील हसायची. त्या देशात तिच्या बाजूने ओरडणारं तेवढं एकच माणूस होतं.

वसंतात, सफरचंदाला फुलं होती तेव्हा, कौलांवरून खाली झेपावताना त्याचा पाय कुंपणाच्या जाळीत अडकला. मी शाळेतून आले तेव्हा आई अंगणात गवतावर बसलेली, मांडीवर हा एवढा मोठा पक्षी, आणि पदर त्याच्या डोक्यावर. उजवा पाय गुडघ्याखाली भलत्याच दिशेला वळला होता. आईने तोवर घरातली आंबेहळद आणि तुरटी उगाळून लेप दिला होता. पाय पिवळाधमक झाला होता आणि आईचे हात, पातळ, पायरी, सगळंच. फ्राऊ क्लाइन दाराशी उभी. तिच्या हातात कुऱ्हाड होती. दुष्ट नव्हती ती बाई, शेतावरची होती. पाय मोडलेल्या पक्ष्याचं काय करतात ते तिला माहीत होतं आणि ते पटकन करावं एवढंच तिचं म्हणणं होतं.

मी म्हटलं, "मग आम्हालाच द्या तो."

"घ्या," ती म्हणाली. "पण मेला की मला सांगा, सूप तरी होईल."

हे वाक्य मी आईला मराठीत सांगितलं नाही.

डॉक्टर ब्रांट म्हणजे गायीगुरांचे डॉक्टर, टियरआर्त्स्ट. धिप्पाड माणूस, बोलणं कमी. आल्याबरोबर त्यांनी पायाचा वास घेतला आणि मला विचारलं, "याचं जेवण करायचं ठरलंय का?" मला हसू फुटलं. आईने विचारलं, काय म्हणाले गं? मी म्हटलं, हळद चांगली आहे म्हणाले. मग त्यांनी एक पायमोजा मागितला. दादांचा कारखान्यात घालायचा लोकरी मोजा पुढून कापला आणि पक्ष्याच्या डोक्यावर चढवला, चोच तेवढी बाहेर. अंधार झाल्याबरोबर रावसाहेब गप्प. त्यांनी हाड ओढून सरळ केलं, कापसाचा थर दिला, घसा बघायच्या लाकडी पट्ट्या दोन बाजूंनी लावल्या आणि वरून पट्टी गुंडाळली. मी पक्षी धरला होता. पंख अंगाशी दाबून, छाती मोकळी ठेवून. असं कुणी शिकवलं नव्हतं, हातांनाच कळलं. डॉक्टरांनी एकदा वर पाहिलं आणि पट्टीची गाठ मारली.

जाताना म्हणाले, "मोडलेल्या पायाचं मी केलंय. तू चांगल्या पायाकडे बघ. सगळा भार आता त्याच्यावर येणार. तळवा सुजतो, आत पू होतो, कुणाच्या लक्षात येत नाही. पुष्कळदा पक्षी त्या चांगल्या पायानेच मरतो."

तळमजल्यावर कपडे धुवायची जुनी खोली होती, तिचं दार मागच्या अंगणात उघडायचं. तिथे पेंढा पसरून रावसाहेबांची व्यवस्था झाली. त्यानंतरचे आठवडे माझ्या आयुष्यातले सगळ्यात सुखाचे होते, हे लिहायला मला फारसं आवडत नाही, कारण त्यानंतर लग्न, मुलं, बरंच काही झालं. शाळेतून आले की दप्तर फेकून खाली. बोटं गार पडली आहेत का, पट्टीच्या वर सूज आहे का, हे बघायचं. चांगला पाय कोमट पाण्याने धुवायचा, तळव्याला तेल चोळायचं, जुन्या गोधडीचे तुकडे पेंढ्याखाली घालायचे. अंड्यांची टरफलं कुटून डाळीत मिसळायची, ती आई कुटायची, रविवारी दुपारीसुद्धा. संध्याकाळी ती मीठ-मोहऱ्या घेऊन खाली यायची आणि त्याची दृष्ट काढायची. फ्राऊ क्लाइन दारातून बघायची आणि मला विचारायची, "हे औषध कोणतं?" मी म्हणायचे, डोळ्यांचं. ती मान हलवायची. पुढे पुढे तीही राइबेकुखन तळली की, म्हणजे बटाट्याची कुरकुरीत थालीपिठं म्हणा, त्यातलं एक बिनमिठाचं रावसाहेबांसाठी बाजूला ठेवायला लागली. सुपाचा विषय तिने पुन्हा काढला नाही.

डॉक्टर पट्टी बदलायला यायचे. दुसऱ्या खेपेला त्यांनी कात्री माझ्या हातात दिली. तिसऱ्या खेपेला ते नुसतेच पेंढ्यावर बसून राहिले आणि सगळं मी केलं. मग उठून कपडे झटकत म्हणाले, "आल्झो. तर मग, शरद ऋतूपासून माझ्याकडे एक लेरश्टेल आहे." म्हणजे त्यांच्या दवाखान्यात शिकता शिकता काम, तीन वर्षांचं, सरकारी परीक्षेसकट. "पुढे विद्यापीठात जायचं असेल तर तेही बघू. पण आधी वडिलांना विचार."

आता त्या सतरा वर्षांच्या बाईसाहेबांचं काय सांगू. त्या दिवसापासून ती जमिनीवर चालेचना. टेबलाच्या चारही पायांना पट्ट्या बांधून सराव करायची. आरशासमोर उभी राहून "कुठे दुखतंय याला?" असं दमदार आवाजात गायीच्या मालकाला विचारायची. स्वतःच्या नावाची सही वळणदार करून पाहायची, आधी 'डॉ.' लावून. फ्राऊ क्लाइनने वरची छोटी खोली देऊ केली होती, आईवडील परत गेले तरी हिला राहता येईल म्हणून. कारण दादांचा करार सप्टेंबरात संपत होता. त्या खोलीत टेबल कुठे, पलंग कुठे हेही हिचं ठरलेलं. एवढी अक्कल पाजळत होती, पण आपल्या बापाचा चेहरा वाचायची अक्कल तिला नव्हती.

दादा रागावणारे नव्हते. ते गोड बोलायचे, हेच अवघड होतं. कारखान्यात राहून त्यांना 'गेनाऊ' म्हणायची सवय लागली होती. बरोबर, अगदी बरोबर. कुणी काहीही म्हटलं की गेनाऊ. रविवारी सकाळी अंगणात कॉफी पीत होतो, फ्राऊ क्लाइनही होती, तेव्हा मी विषय काढला. दादांनी सगळं ऐकून घेतलं.

"गुरांची डॉक्टरीण," ते म्हणाले. "गेनाऊ."

"दादा, मी खरंच विचारतेय."

"मीही खरंच सांगतो." त्यांनी कपडे धुवायच्या खोलीकडे पाहिलं. आत रावसाहेब एका पायावर पेंढ्यात रेलून बसलेले, मान खांद्यात घातलेली. तेव्हा तो फारसा खातही नव्हता. "तुझा पेशंट ज्या दिवशी या दारातून आपल्या पायांनी चालत बाहेर येईल, त्या दिवशी तू इथे राहा, शीक, काय हवं ते कर. मी अडवणार नाही. झालं?"

मी टुणकन उडी मारली आणि फ्राऊ क्लाइनला ते जर्मनमध्ये सांगितलं. ती दादांकडे बघत राहिली. मग तिने टेबलावरून हात पुढे केला. तिथली रीत ती, बोलणं पक्कं झालं की हात मिळवायचा. दादा हसत हसत हात मिळवते झाले. आई कॉफीच्या कपातली साखर ढवळत होती. तिने आमच्यापैकी कुणाकडे पाहिलं नाही. पण हे मला आत्ता, लिहिताना दिसतंय. तेव्हा मला फक्त तो मिळवलेला हात दिसत होता.

त्यानंतर थोड्याच दिवसांत आई म्हणाली, "अगं, रावसाहेबांबरोबर तुझा एक फोटो काढू या. साडी नेस. ती मोरपंखी नेस, त्याच्या रंगाला शोभेल."

कुठल्याही मराठी मुलीला, अगदी ढ मुलीला, कळलं असतं. चांगल्या घरातल्या सतरा-अठरा वर्षांच्या मुलीला भरदिवसा साडी नेसवून, केसात फूल घालून, एकटीला बाकावर बसवून तिचा बाप फोटो काढतो तेव्हा तो कशाचा फोटो असतो. मला वाटलं, मोराचा मान. मी तर पदर नीट करून विचारलं, "आई, कुंकू जरा मोठं लावू का?" आईने स्वतः लावून दिलं. पक्षी मांडीवर, पिसारा बाकावरून खाली गवतात पसरलेला, आणि पट्टी बांधलेला पाय मांडीवरून खाली काठीसारखा ताठ. "हस," दादा म्हणाले. मी भरपूर हसले. तेवढं हसू मी पुढे कधी एकदम खर्च केलं नाही.

जुलैत पट्ट्या निघाल्या. पाय जरा बाकडा जुळला होता, पण जुळला होता. पहिले काही दिवस तो पाय टेकवायलाच तयार नव्हता. मी त्याच्यासमोर पेंढ्यात गुडघ्यांवर बसून डाळ एकेक दाणा पुढे सरकवायचे, दाराच्या दिशेने. मग एका शनिवारी दुपारी, सगळे अंगणात होते, डॉक्टरही होते, रावसाहेब उठले. अंग झाडलं. लंगडत, पण दोन्ही पाय टेकवत, उंबरठ्यापर्यंत आले, थांबले, आम्हा सगळ्यांकडे एकदा तुच्छतेने पाहिलं आणि बाहेर आले. थेट कोबीच्या वाफ्यात गेले आणि फ्राऊ क्लाइनचा कोबी खायला लागले. डॉक्टरांनी टोपी काढली. फ्राऊ क्लाइनने टाळ्या वाजवल्या, स्वतःच्या कोबीसाठी कुणी टाळ्या वाजवलेल्या मी तेवढ्या एकदाच पाहिल्या. दादांनीही वाजवल्या.

त्याच रात्री, पाहुणे गेल्यावर, जेवायच्या टेबलावर दादा म्हणाले, "छान झालं. आता विजूचंही मार्गी लागतंय. सोलापूरचं स्थळ आहे. पुण्याहून काकाने माझ्या ऑफिसात फोन केला होता. फोटो पसंत पडलाय."

"कुठला फोटो?"

"रावसाहेबांबरोबरचा. मुलाच्या आईने काय सांगून पाठवलंय माहितीये? म्हणाल्या, जी मुलगी पाखराचं एवढं करते ती घरच्या माणसांचं किती करील." दादांना हे फार आवडलं होतं. त्यांनी ते दोनदा सांगितलं.

मी म्हटलं, "तुम्ही शब्द दिला होता."

"गंमत होती ती बाळ."

"तुम्ही हात मिळवला होता."

"तिच्याशी," दादा शांतपणे म्हणाले. "तुझ्याशी नाही."

मी आईकडे पाहिलं. आई म्हणाली, "भात वाढू का अजून?"

फ्राऊ क्लाइन दुसऱ्या दिवशी जिना चढून वर आली. आधी ती कधीच आली नव्हती. दारात उभी राहून म्हणाली, "हेर लेले, तुम्ही हात दिला होता." दादांनी तिला बसायला सांगितलं, चहा विचारला, आणि मला सांगितलं की ही आमच्या घरातली गोष्ट आहे, हे तिला नीट भाषांतर करून सांग. मी सांगितलं. उत्तम जर्मनमध्ये, एकही चूक न करता. मी रडले नाही, जेवण सोडलं नाही, पळून गेले नाही. नवऱ्या मुलाचा फोटो बघायला मागितला, तोही बरा होता. हिंदी सिनेमातली मुलगीसुद्धा माझ्यापेक्षा जास्त काही करते. आई मात्र एकदा, कपडे वाळत घालताना, माझ्याकडे पाठ करून बोलली. "तुझ्या दादांना वाटलंच नव्हतं गं, तो जगेल." एवढंच. जणू सगळी चूक रावसाहेबांची होती.

ऑगस्टमध्ये त्याची पिसं गळायला लागली. रोज सकाळी गवतात पाच-सहा लांब पिसं. आईने हाय खाल्ली, पुन्हा मोहऱ्या ओवाळल्या, पुन्हा हळद काढली. डॉक्टरांनी सांगितलं की मोराचा पिसारा दरवर्षी असाच गळतो, हिवाळाभर नवा येतो, याला काही झालेलं नाही. पुण्याच्या माणसांना मोर दिवाणखान्यातल्या चित्रातला माहीत, त्याचा पिसारा कायमचा. मी ती पिसं गोळा करून खोलीत ठेवली. दादांनी ती मोजूनमापून, सारख्या लांबीची निवडून, कागदात गुंडाळली. सासरच्यांना द्यायला काहीतरी वेगळं, जर्मनीहून आणलेलं.

निघायच्या दिवशी माझी, म्हणजे त्या मूर्ख मुलीची, अशी अपेक्षा होती की रावसाहेब गाडीपर्यंत येतील. निदान ओरडतील तरी. ते कौलांवर बसले होते, मागून बोडके, एखाद्या मोठ्या कोंबडीसारखे. मी हाक मारली. त्यांनी मानसुद्धा वळवली नाही. आई गाडीत बसून पदर तोंडाला लावून रडली, मोरासाठी. डॉक्टर ब्रांट आले नव्हते. त्यांनी फ्राऊ क्लाइनकडे एक कात्री देऊन ठेवली होती, गोलसर टोकाची, पट्ट्या कापायची. ती मी विमानात मांडीवर घेऊन बसले होते. तेव्हा कुणी अडवायचं नाही.

दादा शेवटपर्यंत ही गोष्ट सगळ्यांना सांगायचे. आमच्या विजूने जर्मनीत मोराचा पाय जोडला. हळद, पायमोजा, कोबी, सगळं रंगवून सांगायचे आणि लोक हसायचे. दारातून चालत बाहेर येण्यापर्यंतच सांगायचे. पुढची गोष्ट त्यांच्या आठवणीत उरली नव्हती, असं मी धरून चालले. तसं धरलं की माणसाला माहेरी जाता येतं.

कात्री वापरली. सासूबाईंचा खुबा मोडला तेव्हा माझी मोठी मुलगी शाळेत जात होती, आणि त्या गेल्या तेव्हा तिचं लग्न झालेलं होतं. मधली सगळी वर्षं त्या अंथरुणात. मोडलेल्या बाजूचं डॉक्टर बघायचे. मी चांगल्या बाजूचं बघायचे, टाच, कंबर, कोपर, जिथे सगळा भार येतो तिथलं. त्यांना एकही जखम झाली नाही, गावातल्या डॉक्टरांना त्याचं नवल वाटायचं. सासूबाई आल्यागेल्याला भिंतीवरचा फोटो दाखवायच्या आणि म्हणायच्या, "मी हा बघूनच ओळखलं होतं." खोटं नव्हत्या बोलत. निवड त्यांची अचूक होती.

तो फोटो आता इथे आहे, माझ्या टेबलावर. हे गेल्यावर मुलीने मला कोलोनला आणलं. ज्या शहराच्या कडेला मी राहायला मागत होते तिथे मी आता ट्रामच्या पासावर, म्हातारपणाच्या सवलतीत फिरते. नात इरा पंधरा वर्षांची आहे, मराठी सगळं कळतं आणि उत्तर जर्मनमध्ये येतं. परवा तिने फोटो हातात घेऊन बराच वेळ पाहिला.

"आजी, वो झिंड डाइने फ्यूसं?"

माझे पाय कुठे आहेत, ते विचारत होती. मी इतकी वर्षं तो फोटो पुसतेय, मला माहीत होतंच. सोलापूरला पाठवायच्या आधी दादांनी तो खालून कापला होता. लंगडा पक्षी स्थळाच्या कामात बरा दिसत नाही. त्यांनी पट्टी बांधलेला पाय सरळ रेषेत, फूटपट्टी लावून, काढून टाकला. बाकावर बसलेल्या मुलीचे पाय त्याच रेषेखाली होते, त्याला इलाज नव्हता.

"रावसाहेबांच्या पायाबरोबर गेले," मी म्हटलं.

इराला वाटलं मी नेहमीसारखी थट्टा करतेय. तिने मोराच्या डोक्यावरून बोट फिरवलं आणि विचारलं, मग त्याचं पुढे काय झालं?

"तो चालत बाहेर गेला," मी म्हटलं. "सगळ्यांनी पाहिलं."